समोर समुद्र होता

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सात देशांचे मंत्री माझ्या हातचं जेवून गेलेत, आणि सातही वेळा ते उठल्यावर मी चमचे मोजलेत. हे मी बोईसरच्या नव्या मासळी बाजारात, बर्फाच्या उलट्या क्रेटवर बसून सांगत होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. ओट्यांमागे बायका पाय पोटाशी घेऊन बसलेल्या, माशांवर ओली फडकी टाकलेली. माझी सून सुलू दारातल्या पहिल्या रांगेतल्या ओट्यावर. तिच्या काट्याला टेकवलेल्या मोबाइलवर कुठल्यातरी देशातली माणसं तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या बंगल्यात घुसून त्याच्या पोहायच्या तलावात उड्या मारत होती. राष्ट्राध्यक्ष पळून गेला होता. एक म्हातारा, माझ्याच वयाचा असेल, त्याच्या पलंगावर चपलांसकट आडवा झाला होता आणि छताकडे बघत होता. बायका हसल्या. मला हसू आलं नाही. तो म्हातारा मला खुपला. एवढा चिडून, दार फोडून आत शिरलेला माणूस, आणि पाठ टेकल्याबरोबर त्याच्या तोंडावरचा राग कुठे गेला? गादी मऊ असणार. मोबाइल सुलूने बंद केला, पण तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर लोळतच राहिला.

"मामा, ह्यो देश बघितलाय तुमी?" लाडकीने विचारलं. लाडकी आमच्या घिवलीचीच. तिचा ओटा अगदी मागे, धुण्याच्या गटाराला आणि मुतारीच्या भिंतीला लागून. तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून दुपारची ती सुलूच्या ओट्याखाली फरशीवर येऊन बसते आणि माझ्या गोष्टी ऐकते. तिच्यासारखी ऐकणारी मला सगळ्या दर्यांवर मिळाली नाही. मान खाली, हातात मांदेलीची साफसफाई, आणि बरोबर जागी एक हुंकार. माझी बायको होती तेव्हा ती मला वाक्यावाक्याला अडवायची. लाडकीने मला आजवर एकदाही अडवलं नव्हतं.

"बघितलाय?" मी म्हणालो. "त्या तलावाच्या काठी कोळंबीचं कालवण वाढलंय मी."

"अगो बाय."

"बाबा, चहा घ्या," सुलू म्हणाली. म्हणजे, पुरे करा.

लाडकीने हातातली मांदेली खाली ठेवली. "मामा, ते असूं द्या. आज पालघरहून साहेब येनार. तुमाला इचारनार. तुमी काय बोलनार?"

हा प्रश्न सकाळपासून बाजारात फिरत होता, पण माझ्यासमोर येऊन उभा राहिला तो आत्ताच. गोष्ट अशी की ह्या बायका वर्षानुवर्षं स्टेशनच्या रस्त्याला टोपल्या मांडून बसायच्या. उन्हात, धुळीत, रिक्षांच्या धुरात. पण कारखान्यातून सुटलेला प्रत्येक माणूस त्यांच्या समोरून जायचा. "मौसी, बांगडा कैसे दिया?" करत पाळीच्या पाळ्या रिकाम्या व्हायच्या, आणि अंधार पडायच्या आत टोपल्याही. मग हा बाजार बांधला. फरशी, पंखे, वर पत्रा. रस्त्यावर बसायची बंदी आली. आणि ओट्यांच्या वाटणीचा दिवस आला तेव्हा सगळ्यांना दिसलं की दारातली एक रांगच खरी. दारात जो ओटा मिळेल त्याचा मासा विकेल, मागच्याचा कुजेल. चिठ्ठ्या टाकायच्या तर चिठ्ठ्यांवर कुणाचा भरवसा नाही. तेव्हा आमचे पुढारी विनोदशेठ म्हणाले, "चिठ्ठ्या कशाला? आपली किनाऱ्याची रीत हाय ना? विश्राममामा पाठ करतील." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. लाडकीने सगळ्यांत आधी.

रीत अशी. होडी लागली की मासळीचे वाटे वाळूत घालायचे, भागीदार तितके ढीग. ढीग कधीच सारखे होत नाहीत. एकात पापलेट चढतं, दुसऱ्यात काटेच काटे. मग भरवशाच्या एका माणसाने ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करायचं. दुसऱ्याने एकेका ढिगाला पाय लावून विचारायचं, "ह्यो कोनाचा?" आणि पाठ केलेल्याने नाव घ्यायचं. त्याला दिसत नाही कुठला ढीग, म्हणून कुणाला बोलायला जागा नाही. आणि त्यालाच एक हक्क असतो. मागे काही काळंबेरं झालं अशी शंका त्याला आली, तर त्याने नुसतं म्हणायचं, "मोडा." की सगळे ढीग पुन्हा एकात कालवायचे आणि नव्याने वाटायचे. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याने वाटा मोडत नाही. पालघरच्या साहेबांना हे कुणीतरी समजावलं होतं. तक्रार आली होती की दारातली सगळी रांग शेठच्या माणसांना गेली: हेतल, त्यांची मेव्हणी, जिने जन्मात मासा चिरला नाही, रूपल, त्यांच्या ड्रायव्हरची बायको, आणखी अशाच. साहेब म्हणाले होते, मी येतो, त्या म्हाताऱ्याला विचारतो, तो म्हणाला तर मोडू. म्हणजे मी एक शब्द बोललो की पुन्हा वाटणी होऊन लाडकी दाराशी येऊ शकत होती. नाही बोललो तर गटार. तिच्या घरात तिच्याशिवाय कमावणारं कुणी नाही. कुंभवलीच्या एका कंपनीत बाटल्या भरायचं काम आहे, उभ्याने, बारा तास, ते धरायचं का नाही हे तिला आज ठरवायचं होतं.

बापाने मला पहिल्यांदा पाठ करायला उभं केलं तेव्हा मी मिसरूड न फुटलेला पोर होतो. ओली वाळू, पायाखालून सरकणारी. समोर समुद्र, इतका मोठा की त्यात बघण्यासारखं काहीच नाही. आणि मानेवर, जिथे केस संपतात तिथे, सगळ्या गावाची नजर. ती नजर भाजते. माणूस तोंडाने हसू शकतो, डोळे फिरवू शकतो, पण पाठीला काही लपवता येत नाही. ती नुसती उभी असते. बाप म्हणाला होता, तुला दिसत नाही हीच तुझी किंमत. ते वाक्य घेऊन मी बोटीवर गेलो, भटारखान्यात आयुष्य काढलं, आणि जिथे बोट लागली तिथे एवढंच बघितलं: ह्या देशात पाठ कोण करतं, आणि त्याच्यासमोर काय असतं.

"मी काय बोलणार ते सांगतो," मी लाडकीला म्हणालो, "पण आधी ऐक."

तिने मांदेली उचलली. हुंकार दिला.

पहिल्या देशाचं नाव घेत नाही, नाहीतर त्यांचा वकील घिवलीला यायचा. तिथे उन्हाने रस्त्यातलं डांबर चपलेला चिकटतं, आणि तिथल्या मंत्र्याच्या घरात एक खोली थंडीची होती. यंत्र लावून गार केलेली. आत बायकोचे लोकरीचे कोट. त्या देशात थंडीच नाही, पण बाई परदेशातून कोट आणायची, आणि कोट घालून मिरवायला जागा नको? मग जेवण झालं की पाहुण्यांनी त्या खोलीत जायचं, कोट घालायचा, हुडहुडी भरेपर्यंत बसायचं आणि वा वा करायचं. मीही बसलोय. आणि त्याच गावच्या इस्पितळात वीज नव्हती. बायका प्रेतावर बर्फ घालत होत्या, ह्याच आपल्यासारखा, भुसा लावलेला. लादी आणायला त्या आमच्या बोटीवर आल्या. मी दिली. कप्तान म्हणाला, मासळीला काय घालशील? मी म्हटलं, मासळी कुजली तर तिची आई रडत नाही.

हे सांगताना माझा आवाज चढला. पंख्याखाली बसलेल्या बायकाही वळल्या. खोटं असेल त्यातलं थोडं. बर्फाची लादी मी दिली की नुसती द्यावीशी वाटली हे आता मलाच नीट आठवत नाही. पण राग खरा होता. एवढा खरा की छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं, आणि मला बरंही वाटलं, कारण एवढं दुखतंय म्हणजे मी कुठे उभा आहे ते आपोआपच ठरलं.

"आणि सगळीकडे असंच?" लाडकी म्हणाली. "चांगला एक पण नाय?"

"आहे ना. गोऱ्यांच्या एका गार देशात मंत्री सायकलवरून आला बोटीवर. माझं कटलेट खाल्लं आणि पैसे द्यायला लागला. पावती मागितली! मी म्हटलं, आता मरायला हरकत नाही. चमचे मोजले, एक जास्तच निघाला. पुढच्या खेपेला त्याच बंदरात गेलो तर तो मंत्री नव्हता. ज्या तेलवाल्यांना त्याने समुद्राचा तुकडा दिला होता त्यांच्याकडे सल्लागार झाला होता. सायकल होती, पण आता तिच्यासाठीसुद्धा माणूस होता. तिथे खुर्चीवर असेपर्यंत कुणी काही घेत नाही. उठल्यावर घेतात, कायद्याने, आणि त्याला पगार म्हणतात. वाटे घालायच्या वेळी पाठ अगदी चोख करतात ग. नंतर सगळे ढीग ज्याच्या गोदामात जातात, तिथे नोकरीला जातात."

"आणि एका बेटावर," मी पुढे सांगितलं, "तर पाठच करत नाहीत. राजा ढिगांकडे तोंड करून उभा राहतो. ह्यो कोनाचा? माझा. ह्यो? माझा. शेवटचा, शेपट्यांचा, तो लोकांचा. मी तिथल्या कोळ्याला विचारलं, तुमाला राग येत नाय? तो म्हणाला, निदान रांगेत तरी उभं करत नाहीत."

बायका खदखदून हसल्या. लाडकी हसली नाही. तिचा अंगठा मांदेलीच्या पोटातून फिरत होता, एका लयीत, आणि प्रत्येक मासा स्वच्छ होऊन तिच्या डावीकडे पडत होता. पडलेल्या माशाचा डोळा माझ्याकडे. ताज्या माशाचा डोळा काळा, फुगीर, चकचकीत असतो. त्यात वरचा पंखा फिरताना दिसतो. मी क्रेट थोडा बाजूला सरकवला.

"आपल्या शेठचं सांगा," ती म्हणाली.

शेठचं काय सांगायचं? विनोदशेठचं पद दर निवडणुकीला बदलतं, शेठ बदलत नाहीत. चिंचणी रस्त्यावर पंक्चर काढायचे, गुडघ्यावर बसून, काळे हात. मी पाहिलेत ते हात. आता त्याच रस्त्यावर दोन मजल्यांचा बंगला, आणि दोन मजल्यांना लिफ्ट. अंगणात कारंजं, त्यात चार डॉल्फिन तोंडातून पाणी सोडतात, आणि टँकर जेव्हा आमच्या पाड्यावर येत नाही तेव्हा त्या डॉल्फिनच्या तोंडातून येतो. कुठून आलं हे? कुठला कारखाना त्यांनी काढला, कुठली होडी समुद्रात घातली? ज्या रस्त्याचं काम त्यांच्या भाच्याला मिळालं तो रस्ता गेल्या पावसात माशाच्या सालीसारखा सोलून निघाला. हे कुणाला ठाऊक नाही? आणि कुणी बोलतं? त्या दुसऱ्या देशात लोक तलावात उड्या मारतात. आपण शेठच्या कारंज्यासमोर उभे राहून लग्नाचे फोटो काढतो.

कारण आपल्याकडचा चोर वेगळा आहे, आणि सातही देशांत मला तसा भेटला नाही. तो तुमच्या घरी येतो. माझी बायको गेली तेव्हा पोरगा होडीवर होता, खोल समुद्रात, चार माणसं जमेनात. शेठ आले. पांढरे कपडे, अनवाणी. पुढचा खांदा त्यांनी दिला. स्मशानापर्यंत बदली घेतली नाही. मी मागे चालत होतो आणि मला त्यांची मान दिसत होती, घामाने भिजलेली, बांबूने लाल झालेली. त्या मानेचा राग कसा करायचा? मी प्रयत्न केला. आजही करतो. रात्री अंथरुणावर पडून लिफ्ट आठवतो, डॉल्फिन आठवतो, रस्ता आठवतो. राग चढत चढत जातो, आणि ऐनवेळी ती लाल मान मध्ये येते. गोऱ्यांच्या देशातल्या माणसाला हे कळणार नाही. त्याचा मंत्री त्याच्या बायकोला उचलत नाही. थंडीच्या खोलीवाल्याने तर कोट सोडून काही उचललं नाही. आमच्या शेठनी आधी आमचं माणूस उचललं, मग बाकीचं. हा कुठला न्याय? ह्याला कुठल्या देशाच्या शेजारी बसवायचं? मेलेल्या माणसाचं ओझं वाहून जिवंत माणसांना विकत घ्यायचं, आणि तेही असं की विकल्या गेलेल्याला वाटावं, आपण ऋणात आहोत, चांगले आहोत, माणुसकी धरून आहोत!

"मामा," लाडकी म्हणाली, "त्या दिवशीचं सांगा. वाटनीच्या."

"तुला ठाऊक नाही? तू होतीस की."

"मी मागं होते. तुमी पुढं होतात. तुमी सांगा."

सुलूच्या ओट्यावर एक गिऱ्हाईक आलं होतं. सुलू मासा तोलत होती, पण काट्याकडे बघत नव्हती.

त्या दिवशी, मी सांगायला लागलो, ऊन फार होतं. शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, इथं उभे ऱ्हावा. सावली हाय." मी उभा राहिलो. मागे सगळ्या बायका, त्यांच्यामागे ओटे, नवे, पांढरे, पाण्याने धुतलेले. शेठचा माणूस प्रदीप ओट्याला हात लावून विचारणार, मी नाव घेणार. मानेवर ती नजर आली. तीच, बापाच्या वेळची. मी समोर बघितलं. समोर समुद्र होता. शांत, एक लाट नाही. काळा, तुळतुळीत, वर जरा वाकल्यासारखा. असा समुद्र मी दोनदाच बघितलाय, एकदा दर्यात मध्यरात्री आणि एकदा तेव्हा. प्रदीपने विचारलं, हा कुणाचा? मी नाव घेतलं. तोंडाला येईल ते. हेतल आलं, रूपल आलं. मला काय ठाऊक मागे कुठला ओटा? मग कुठूनतरी सुलूचं आलं. नशीब तिचं. मग बाकीची. तुझं शेवटी आलं, लाडके, त्याला मी काय करणार? लबाडी झालीच असेल तर ती मागे झाली. त्या प्रदीपने आवाज बारीकमोठा केला असेल, खोकला असेल. सगळ्या देशांत विचारणारेच लबाड असतात. पाठ करणाऱ्याकडे काय असतं? एक पाठ, आणि एक समुद्र. साहेबांना मी तेच सांगणार. मला काही दिसलं नाही, म्हणून मला शंका घेता येत नाही, म्हणून मला मोडा म्हणता येत नाही. माझा बाप असता तर तोही हेच म्हणाला असता.

मी थांबलो. बोलता बोलता मी उभा राहिलो होतो हे माझ्या ध्यानात आलं. गोष्ट चांगली झाली होती. शेवटाला बाप आणला की गोष्ट नेहमी चांगली होते. मी लाडकीच्या हुंकाराची वाट बघत राहिलो.

तो आला नाही. तिने शेवटची मांदेली पाटीत टाकली, हात लुगड्याला पुसले आणि ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, ओझं डोक्यावर घेऊन उठावं तशी. बाहेर गाडीचं दार वाजलं. पालघरचे साहेब आले असावेत. दारातल्या बायका पदर सारखे करायला लागल्या होत्या.

"मामा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या पंख्यांच्या वर ऐकू आला. "तुमच्या सात देशांना मी कधी नाय बोलले नाय. ते मला आवडतात. पन बोईसरला समुद्र नाय."

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"तुमच्यासमोर शेठची गाडी होती. काली, काचा पन काल्या. त्या काचेत आमी सगल्या दिसत होतो, ओटे दिसत होते, प्रदीपचा हात दिसत होता. मला माझं तोंड दिसत होतं, मी हात जोडून उभी होते. आनि तुमचे डोले दिसत होते, मामा. तुमी माज्याकडंच बघत होता, आनि नाव घेतलं सुलूचं."

सुलूने काट्यातला मासा खाली ठेवला. साहेब दारात आले, चप्पल ओली होऊ नये म्हणून पाय उचलून टाकत. लाडकी बाजूला झाली, त्यांना माझ्यापर्यंत वाट करून दिली.

"आले साहेब," ती म्हणाली. "सांगा त्यांना, समुद्र कुठं होता."